रोमेन लेट्यूस दर वेळी गाभा भरण्याआधीच दांडा टाकतं? कारण कुठे शोधायचं आणि उपाय केव्हा करायचा

रोमेनची रोपं नीट लागतात. पहिला महिना-दीड महिना पानं रुंद, कुरकुरीत, चवीला गोडसर असतात. आता गाभा भरेल असं वाटत असतानाच मधली पानं अरुंद व्हायला लागतात, त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि जिथे लांबट घट्ट गड्डा बसायचा तिथून एक जाड दांडा वर चढतो. पान तोडलं की देठातून पांढरा चीक येतो, तोंडात घातलं की कडू. पाणी वाढवून, खत घालून, शेंडा खुडून काही फरक पडत नाही. पुढच्या हंगामात नवं बी, नवी माती, आणि पुन्हा तेच.

एखाद्या वर्षी असं झालं तर हवेला बोल लावता येतो. दर वेळी होत असेल तर दोष पेरणीच्या वेळेत आणि रोपाच्या पहिल्या महिन्यात शोधायला हवा. दांडा डोळ्यांना दिसतो तेव्हा पानं सोडून फुलांकडे वळण्याचं काम रोपाने आत कधीच सुरू केलेलं असतं. त्या दिवशी करण्यासारखं एकच उरतं, कापणी. बाकीचे सगळे उपाय दोन-अडीच महिने आधीचे आहेत, म्हणून इथे भर त्यांच्यावरच दिला आहे.

दांडा खरा आहे का, ते आधी पाहा

उंच दिसणारं प्रत्येक रोमेन फुलोऱ्यावर आलेलं नसतं. हा प्रकार मुळातच उभा वाढतो. चांगल्या भरलेल्या गड्ड्याची उंची २५ ते ३० सेंटिमीटर सहज होते. शिवाय बाहेरची पानं तोडत राहिलं की खालचं खोड उघडं पडतं, त्यावर तुटलेल्या देठांच्या खुणा दिसतात आणि रोप एकदम वाढल्यासारखं वाटतं. वरची पानं अजून एकमेकांना लगटून गुच्छात असतील, नवं पान जुन्याइतकंच रुंद येत असेल, तर काळजी नको. तोडणी चालू ठेवा.

अगदी लहान रोपं लांबुळकी होऊन लवंडतात, तो प्रश्न वेगळा. तिथे पहिल्या दोन गोल पानांच्या खालचा भाग दोऱ्यासारखा ताणलेला असतो आणि रंग फिका असतो. हे उजेड कमी पडल्याचं लक्षण. ट्रे उजेडात हलवायचा, पुनर्लागण करताना रोप त्या दोन पानांच्या खालपर्यंत मातीत बसवायचं, एवढ्यावर ते सावरतं. मधला कोंब मात्र मातीत गाडू नका, कुजतो.

काही जण गाभा भरत नाही म्हणून पानं वरून सुतळीने बांधतात. रोमेनचे बरेच वाण तसेही सैलसर मिटणारे असतात. बांधल्याने गाभा घट्ट होत नाही, आत दमटपणा कोंडून कूज मात्र लागते. गाभा न भरण्याचं सगळ्यात साधं कारण दाटी. दोन रोपांमध्ये २५ सेंटिमीटर अंतर नसेल तर प्रत्येक रोप उजेडासाठी वर ताणतं आणि मधे भरण्याइतकी पानंच त्याच्याकडे जमत नाहीत.

शंका राहिलीच तर एक रोप खर्ची घाला. मुळापाशी कापून सुरीने उभं चिरा. निरोगी गड्ड्यात मधलं पांढरं खोड दोन-तीन बोटं लांब असतं आणि त्यावर पानं दाटीने बसलेली असतात. ते गड्ड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत चढलेलं दिसलं, पानांच्या देठांमध्ये मोकळी जागा दिसली, तर बाहेरून काहीही दिसत नसलं तरी बाकीची रोपंही त्याच वाटेवर आहेत. एका रोपाच्या बदल्यात सबंध वाफ्याची स्थिती कळते, म्हणून ही तपासणी मला फार मोलाची वाटते.

रोप असं का करतं

लेट्यूस सूर्यफूल आणि शेवंतीच्या कुळातलं आहे. थंड हवेत, फार लांब नसलेल्या दिवसांत ते पानं करतं. ऊन तापलं आणि दिवस लांबला की बी धरण्याची घाई करतं. दिवसाचं तापमान १५ ते २० अंश सेल्सिअस असताना ते सर्वांत सुखात असतं. २४-२५ अंशांपर्यंत चालवून घेतं. दिवस २७-२८ च्या वर जायला लागले आणि रात्रीही गार होईनाशा झाल्या की खोडात जिबरेलिन हे संप्रेरक वाढतं आणि एरवी आखडून असलेलं खोड भराभर लांबतं. रात्रीकडे पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. दुपारचा आकडा तोच असला तरी रात्र गार असेल तर रोप बरंच तग धरतं.

दिवसाची लांबी हे दुसरं कारण. लेट्यूस दीर्घ दिवसाला प्रतिसाद देणारी वनस्पती आहे, म्हणजे दिवस जितका मोठा तितकं ते फुलांकडे लवकर वळतं. विषुववृत्ताच्या जवळ दिवस फारसा लहान-मोठा होत नाही, तिथे मुख्य प्रश्न उष्णतेचा. जसजसं दूर जावं तसतसा उन्हाळ्यातला लांब दिवसही त्यात भर घालतो. गच्चीवर किंवा खिडकीत रात्रभर दिवा जळत असेल तर रोपाच्या लेखी दिवस संपतच नाही. एकाच वेळी लावलेल्या कुंड्यांपैकी दिव्याजवळच्याच आधी दांडा टाकत असतील तर त्या हलवून पाहा. घरात एलईडी दिव्याखाली वाढवणाऱ्यांनी दिवा दिवसरात्र चालू ठेवू नये; १२ ते १४ तास पुरतात.

कडूपणा याच्याच मागोमाग येतो. पांढऱ्या चिकात लॅक्टुसिन आणि लॅक्टुकोपिक्रिन ही कडू द्रव्यं असतात. पानं कुरतडणाऱ्या किड्यांना दूर ठेवण्यासाठी रोपाने केलेली ती सोय आहे. कोवळ्या पानांत ती थोडी असतात, फुलोऱ्याकडे वळलेल्या रोपात वाढतात. पाणी तुटलेल्या रोपाचं पानही राठ आणि कडू होतं, मग दांडा नसला तरी. म्हणून नुसती चव बघून निदान करू नका. कडू आहे पण मधलं खोड आखूड आहे, तर पाण्याचं वेळापत्रक तपासा.

तारीख उलटी मोजा

आपल्याला बी मिळालं, वेळ मिळाला, की आपण पेरतो आणि मग पीक कधी येईल ते मोजतो. रोमेनसाठी हिशोब उलटा करावा लागतो. तुमच्याकडे दुपारचं तापमान नेमाने २७ अंशांच्या वर कधी जायला लागतं, तो आठवडा आधी ठरवा. गड्डे त्याच्या आठ-दहा दिवस आधी कापून झाले पाहिजेत. बी पेरल्यापासून पूर्ण गड्डा मिळायला साधारण ६५ ते ७५ दिवस लागतात: तीन-चार आठवडे ट्रेमध्ये आणि सहा-सात आठवडे वाफ्यात किंवा कुंडीत. तेव्हा पेरणीची शेवटची तारीख त्या गरम आठवड्याच्या जवळजवळ १२ आठवडे आधी येते. बहुतेकांची पेरणी या तारखेच्या महिनाभर पुढे असते, आणि दर वेळी तोच महिना कमी पडतो.

थंड हवेचा काळ मुळातच तोकडा असेल तर पूर्ण गड्ड्याचा हट्ट सोडलेला बरा. ‘लिटल जेम’ हा बुटका वाण ५० ते ६० दिवसांत गाभा धरतो, त्यात बसेल. तेवढेही दिवस नसतील तर दाट पेरून ३०-३५ दिवसांत वीतभर उंचीच्या आतली कोवळी पानं कापा. ती कडू होण्याआधीच ताटात येतात.

थंडीच्या सुरुवातीकडचा भाग मात्र वाया घालवू नका. हवा गार होण्याची वाट पाहून मग बी पेरलं तर ट्रेमधला महिना थंड हवेतूनच वजा होतो. रोपं गरम दिवसांत, सावलीत तयार करून ठेवायची आणि हवा पालटली की लावायची. सगळं बी एकदम न पेरता दर दहा-बारा दिवसांनी थोडं थोडं पेरलं तर कोणती तारीख तुमच्या जागेला मानवते हे एकाच हंगामात कळतं. असा अंदाज कुठल्याही पाकिटावर छापलेला मिळत नाही.

वाणाचा फरक पडतो, पण लोक समजतात तेवढा नाही. इस्राएलमध्ये उष्ण हवेसाठी तयार केलेला ‘जेरिको’ आणि दांडा टाकायला जरा सावकाश असलेला ‘पॅरिस आयलंड कॉस’ हे दोन्ही घरच्या बागेत चांगले. चुकलेल्या तारखेला ते थोडे दिवस सांभाळून घेतात, महिनाभर नाही.

बीच उगवत नाही, म्हणून उशीर होतो

उशिरा लागवडीचं कारण पुष्कळदा इथे सापडतं. गरम दिवसांत रोपं तयार करायला जावं तर ट्रेमध्ये काही उगवतच नाही, मग दुसऱ्यांदा पेरणी, तिसऱ्यांदा पेरणी, आणि हंगाम पुढे सरकतो. बी खराब होतं असं समजून लोक पाकीट फेकून देतात. बी बहुधा चांगलं असतं. मातीचं तापमान २८-३० अंशांच्या वर गेलं की लेट्यूसचं बी स्वतःला रोखून धरतं. ओल्या आणि तापलेल्या मातीत ते काही दिवस पडून राहिलं तर त्याला अशी सुप्तावस्था येते की नंतर गारवा मिळूनही लगेच उगवत नाही.

बी पाणी शोषायला लागतं तेव्हाचे पहिले काही तास सर्वांत नाजूक. म्हणून पेरणी संध्याकाळी करा, म्हणजे ते तास रात्रीच्या गारव्यात जातात. ट्रे घरातल्या सर्वांत गार जागी ठेवा. हवा फारच तापलेली असेल तर बी ओलसर कागदी रुमालात गुंडाळून, डबीत घालून फ्रिजमध्ये एक-दोन दिवस ठेवा, टोक फुटायला लागलं की हलक्या हाताने ट्रेमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको.

खोली हा दुसरा अडथळा. या बियांना उगवायला उजेड लागतो, निदान बऱ्याच वाणांना. १९५२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रात हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्याच बियांवर प्रयोग करून दाखवलं की लाल प्रकाश दिला की बी उगवतं, त्यानंतर अतिलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) प्रकाश दिला की थांबतं, आणि शेवटचा प्रकाश कोणता यावर निकाल ठरतो. वनस्पतींना प्रकाश ओळखायला मदत करणाऱ्या फायटोक्रोम या रंगद्रव्याचा शोध याच वाटेने लागला. आपल्यापुरता अर्थ साधा आहे: बी मातीत खोल पुरू नका. वर पसरा, बोटाने दाबा, त्यावर कोकोपीटची भुरभुर असा तीन-चार मिलिमीटरचा थर पुरे. झारीच्या धारेने बी खाली जातं किंवा एका कोपऱ्यात गोळा होतं, त्यामुळे पाणी फवाऱ्याने द्या. सगळं जुळलं तर तीन-चार दिवसांत अंकुर दिसतो.

रोपाला मधेच थांबू देऊ नका

तारीख बरोबर असूनही दांडा येत असेल तर वाढ कुठे अडकली ते पाहा. पानं करण्यासाठी मिळालेला वेळ ठरावीक आहे. त्यातला एखादा आठवडा रोप नुसतं जीव धरून बसलं तर तो आठवडा परत मिळत नाही.

ट्रेमध्ये रोप फार दिवस राहणं ही नेहमीची अडचण. पहिल्या दोन गोल पानांनंतरची चार-पाच खरी पानं आली की लावा. मुळं खालच्या भोकातून बाहेर येऊन गोल फिरलेली असतील तर ते रोप लावल्यावर बरेच दिवस नुसतं बसून राहतं. लागवड संध्याकाळी करा आणि पहिले तीन-चार दिवस दुपारी सावली द्या.

कुंडीची खोली २० सेंटिमीटरपेक्षा कमी नको, आणि एका रोपाला चार-पाच लिटर माती तरी हवी. रोमेनची बहुतेक मुळं वरच्या थरातच असतात, त्यामुळे वरची माती तापली किंवा सुकली की त्याचा चटका थेट बसतो. काळी प्लॅस्टिकची कुंडी किंवा काळी ग्रो बॅग उन्हात हवेपेक्षा बरीच जास्त तापते. हवामानाचा आकडा २४ सांगत असताना मुळं ३० च्या पुढे असू शकतात. कुंडीच्या मातीत दुपारी बोट खुपसून पाहा; कोमट लागली तर कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, बाहेरच्या रांगेला फळीची किंवा गोणपाटाची आड द्या, मातीवर वाळक्या पानांचं किंवा गवताचं दोन बोटं आच्छादन घाला. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही खताने पडत नाही असं माझं ठाम मत आहे.

पाणी थोडं, पण नेमाने. एक दिवस माती भेगाळली आणि दुसऱ्या दिवशी चिखल झाला, असं होऊ देऊ नका. सकाळी द्या आणि मुळाशी द्या. सकाळचं कोवळं ऊन चार-पाच तास मिळालं आणि दुपारी ३० ते ५० टक्क्यांचं शेडनेट असलं तर गरम दिवसांतही काही काळ ओढून नेता येतो. दिवसभर दाट सावली मात्र नको, मग पानं पातळ आणि रोप ताणलेलं होतं. खताला फार जपायचं कारण नाही. लागवडीच्या वेळी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळलं आणि तीन आठवड्यांनी मूठभर परत घातलं की भागतं.

गाभ्याच्या कडा करपतात तेव्हा

हा दांड्याचा सख्खा शेजारी आहे, म्हणून थोडक्यात. बाहेरून गड्डा उत्तम, उघडला तर आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी. हा रोग नाही. पानाच्या त्या भागाला कॅल्शियम पोहोचलेलं नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून पाण्याची वाफ जास्त होते तिथे जास्त जातं. आतली पानं मिटलेली असल्याने त्यांच्या वाट्याला कमी येतं. वाढ फार वेगाने झाली, नत्र जास्त पडलं किंवा पाणी कमी-जास्त झालं की तुटवडा दिसतो. मातीत चुना किंवा अंड्याची टरफलं टाकून लगेच काही होत नाही, कारण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच. वरून फवारलेलंही मिटलेल्या गाभ्यात शिरत नाही. नत्राचा हात आखडा, पाणी नेमाने द्या, हवा खेळती ठेवा, आणि गाभा बोटाने दाबल्यावर भरीव लागला की दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता कापा.

दांडा निघालाच, तर

ज्या दिवशी दिसेल त्याच दिवशी सकाळी लवकर कापा. सकाळी पानांत पाणी भरलेलं असतं, कुरकुरीतपणा टिकतो. कडूपणा चिकात असल्याने तो जाड शिरेत आणि देठात जास्त जाणवतो. शीर काढून पानाचा वरचा पातळ भाग वापरता येतो. गार पाण्यात बुडवून ठेवल्याने पान ताजं होतं, कडूपणा पूर्ण जात नाही. शेंडा खुडून रोप ठेवलं तर बगलेतून नवे फुटवे येतात, पण तेही दांडाच करतात आणि पानं आणखी कडू देतात. ती जागा मोकळी करून दुसरं काही लावलेलं चांगलं.

एक रोप मात्र बियांसाठी ठेवायला हरकत नाही, आणि ते कोणतं ठेवायचं यावर पुढची वर्षं अवलंबून आहेत. सगळ्यांत आधी दांडा टाकलेलं रोप खाण्याच्या कामाचं राहिलं नाही म्हणून तेच बियांसाठी सोडून देण्याची पद्धत सर्रास दिसते. लेट्यूसची फुलं बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतात, त्यामुळे आईचा गुण बियांत जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. दर वर्षी सर्वांत उतावळ्या रोपाचं बी धरत गेलं की आपण नकळत लवकर फुलणारं लेट्यूस निवडत जातो. रानटी लॅक्टुका सेरिओला हा काटेरी, कडू पूर्वज. त्याच्यापासून आजचं कोवळं रोमेन घडलं ते याच्या नेमक्या उलट निवडीने. घरचं बी वापरणाऱ्यांकडे दर वर्षी दांडा जरा आधीच येत असेल, तर सगळ्यांत आधी इथे शोधा.

तेव्हा वाफ्यातलं सर्वांत शेवटी दांडा टाकणारं, आधी चांगला गाभा धरलेलं रोप निवडा आणि त्याला काठीचा आधार द्या, कारण ते मीटरभर किंवा त्याहून उंच जातं. पिवळी फुलं सकाळी काही तास उमलतात आणि मिटतात. फूल मिटल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या तुऱ्याचं बी तयार होतं. सगळं एकदम पिकत नाही, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी फांदी कागदी पिशवीत वाकवून झटका. तूस फुंकून काढा, बी आठवडाभर सावलीत वाळवा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत, गार आणि कोरड्या जागी ठेवा. नुकतं काढलेलं बी काही आठवडे उगवायला नाखूश असतं, तेवढा काळ जाऊ द्या. बाटलीवर वाण आणि वर्षाबरोबर पेरणीची तारीख आणि दांडा दिसला ती तारीख, दोन्ही लिहून ठेवा. पुढच्या पेरणीचा उलटा हिशोब त्याच दोन तारखांवरून करायचा आहे.